खाऱ्या वाऱ्यातली उघडी गाडी: झेड-फोर घ्यावी की एसएलके?

"दादा, दुसरी गाडी बघतोय. टप उघडणारी," मावसभावाने फोनवर सांगितलं आणि मला आईची आठवण झाली. सहा वर्षांपूर्वी मी अशीच गाडी दारात आणून उभी केली, तेव्हा ती पडवीत सुपारी कातरत बसली होती. गाडीकडे एकदा बघितलं नि म्हणाली, "आणि पावसात काय, इरलं घालणार का हिला?" तेव्हा सगळे हसलो. त्यानंतरचा प्रत्येक जून मी या एका प्रश्नाशी झगडण्यात घालवला आहे.

घरात एक शहाणी गाडी आधीच आहे, माणसं, आंब्याच्या पेट्या आणि गॅसचा सिलिंडर ती वाहते, आणि आता हौसेची एक वापरलेली स्पोर्ट्स गाडी घ्यायची आहे, अशांसाठी हे लिहितो आहे. मावसभावाच्या यादीत शेवटी दोनच नावं उरली. पहिली बीएमडब्ल्यू झेड-फोर ३५आय, २००९ ते २०१६ या काळात निघालेली, जाणकार तिला ई८९ म्हणतात. दुसरी मर्सिडीज एसएलके ३५०, २०११ साली आलेली आर१७२. दोन्ही दोन सीटच्या, दोन्हींची मागची चाकं ओढणारी, दोन्हींचं छत कडक आणि बटण दाबलं की घडी होऊन डिकीत जाणारं. आणि दोन्हींची ताकद ३०६ हॉर्सपॉवर. म्हणजे चावडीवर ज्या मुद्द्यावर तासभर वाद रंगला असता तो जर्मन इंजिनिअरांनी आधीच मिटवून ठेवला आहे. आपल्या किनाऱ्यावर निवड ठरते ती पाण्यावर आणि मिठावर, आणि समोर उभी असलेली नेमकी तीच गाडी आजवर कुठे राहिली यावर.

पहिलं काम: टेप घेऊन अंगणात जा

गाडी बघायला पुण्या-मुंबईला पळण्याआधी ती घरी कुठे उभी राहणार ते ठरवा. लांबीचा प्रश्न नाही. एसएलके ४.१३ मीटर, झेड-फोर ४.२४ मीटर, म्हणजे स्विफ्टपेक्षा फार तर दीड-दोन वीत जास्त. अडचण पोटाची आहे. रस्त्यावरून अंगणात उतरताना बहुतेक घरांना चिऱ्याचा नाहीतर काँक्रीटचा उंचवटा असतो आणि या गाड्यांचं पोट जमिनीपासून पाच इंचांच्या आतबाहेर.

हे तपासायची सोपी युक्ती सांगतो. दोन्ही गाड्यांच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटरच्या आसपास आहे. अडीच मीटरची एक सरळ फळी घ्या, दोन्ही टोकांखाली चार-चार इंचांचे ठोकळे ठेवा आणि ही फळी उंचवट्यावर उभी-आडवी सरकवून बघा. मध्ये कुठे टेकली, तर गाडी तिथेच घासणार. माझ्या अंगणात टेकली होती. गवंड्याला बोलावून उतार लांबवून घेतला. खर्च किरकोळ झाला, पण गाडी आणल्यावर करायला गेलो असतो तर आठवडाभर ती रस्त्यावर उभी राहिली असती.

दुसरी गोष्ट नवख्यांच्या लक्षातच येत नाही. छत उघडताना डिकीचं झाकण आधी मागच्या बाजूला उघडतं, मग छताचे तुकडे वर उचलून आत जातात. म्हणजे मागे भिंत आणि वर पत्र्याच्या शेडची आडवी पट्टी असेल तर बटणाला हात लावायचा नाही. मालवणकडच्या एका गृहस्थांनी पाहुण्यांना दाखवायला शेडमध्येच छत उघडलं आणि वाशाने त्याला जो पोचा पाडला तो काढून देणारा डेंटर त्यांना अजून सापडलेला नाही.

माडाखाली गाडी लावू नका, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पण आंब्याखालीही नको. मोहोराच्या दिवसांतला चिकट थर आणि आंब्याचा चीक रंगावर डाग पाडतो. शेड तिन्ही बाजूंनी बंद असली तर उत्तम, मात्र वारा खेळता हवा. चारही बाजूंनी गच्च बंद केलेल्या खोलीत चार महिन्यांत सीटवर बुरशी धरते, चामड्याच्या चपलांवर धरते तशीच.

कापडी छत यादीतून का गेलं

मावसभावाच्या पहिल्या यादीत मिनी कूपर आणि पोर्शे बॉक्स्टर याही होत्या. दोन्हींचं छत कापडी. न्यायाने बोलायचं तर कापडी छत हलकं असतं, यंत्रणा साधी असते आणि गाडीचा तोल त्यामुळे चांगला राहतो. पुण्यात राहत असतो तर मी बॉक्स्टरकडेच वळलो असतो. पण ओलं कापड घडी करून ठेवायचं नसतं, हा त्याचा पहिला नियम, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर कापड कोरडं होण्याची वाट बघणं म्हणजे अंगणात पापड वाळत घालण्यासारखं. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात भर कावळ्यांची आणि वटवाघळांची.

कडक छताला बुरशीचं भय कमी. त्याचं दुखणं वेगळं: हायड्रॉलिक नळ्या, पंप, अर्धा डझन सेन्सर आणि सांध्यासांध्यात रबर. ते कसं तपासायचं ते पुढे येतं.

(एका वाचकवर्गाला आठवण येईल म्हणून सांगतो, सॅन स्टॉर्म नावाची एक भारतीय उघडी दोन-सीटरही होती, रेनोचं १.२ लिटर इंजिन आणि फायबरग्लासची बॉडी. फायबरग्लास गंजत नाही, हे खाऱ्या वाऱ्यात मोठंच सुख. पण आज चांगली मिळणं नशिबाचा भाग.)

दोघींचा स्वभाव ओळखा

एसएलके ३५० मध्ये ३,४९८ सीसीचं व्ही-सिक्स इंजिन आहे, टर्बो नाही. गिअरबॉक्स सात गिअरचा, जुन्या वळणाचा टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक. झेड-फोर ३५आय मध्ये २,९७९ सीसीचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, त्याला दोन टर्बो, आणि बहुतेक गाड्यांना सात गिअरचा डबल क्लच, म्हणजे दोन क्लच आलटून-पालटून चालवणारा, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. शून्य ते शंभरला झेड-फोरला पाच सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो, एसएलकेला साडेपाचच्या वर. हा फरक आरे-वारेच्या वळणांवर कुणालाही जाणवत नाही. तिथे समुद्र बघायला वेग कमीच करावा लागतो.

जाणवतो तो फरक दुसराच. झेड-फोरमध्ये तुम्ही जवळजवळ मागच्या चाकांवर बसता, पुढे लांबच लांब बॉनेट. ती चालवताना मजा जास्त येते, हे मी एसएलकेचा मालक असूनही कबूल करतो. एसएलके शांत आहे. तिच्या सीटमधून मानेवर गरम हवा सोडणारी सोय काही गाड्यांत असते, तिचा कोकणात उपयोग शून्य, जाहिरातीत मात्र विकणारा तिचे पैसे लावतो. ते देऊ नका.

डिकी: छत वर असताना एसएलकेत ३३५ लिटर, झेड-फोरमध्ये ३१०. छत खाली घेतलं की २२५ आणि १८०. म्हणजे उघड्या गाडीतून दोघं जण दोन दिवसांसाठी वेंगुर्ल्याला जाऊ शकता, येताना काजूगर आणि कोकमं आणू शकता, फणस नाही. पेट्रोलची टाकी एसएलकेची ७० लिटरची, झेड-फोरची ५५ ची.

आता माझं मत. इंजिनाच्या बाबतीत किनाऱ्यावर साधं ते बरं. झेड-फोरचं हे इंजिन अतिशय गुणी, पण त्याची ठरलेली दुखणी आहेत: उच्च दाबाचा इंधन पंप, इंजेक्टर, इंजिन थंड ठेवणारा, विजेवर चालणारा पाण्याचा पंप, ऑइल फिल्टरच्या बैठकीतून होणारी गळती. यातलं एकही दुखणं भयंकर नाही. भयंकर आहे ते मिस्त्री १५० किलोमीटरवर असणं. पाण्याचा पंप गेला की गाडी पुढे चालवायची नसते, टोइंगच करावं लागतं, आणि सपाट ट्रक रात्री साखरप्याला मागवून बघा एकदा. एसएलकेचं व्ही-सिक्स त्या मानाने सोशिक. सुरुवातीच्या वर्षांतल्या इंजिनांना टायमिंग चेनच्या टेन्शनरचा, म्हणजे इंजिनातली साखळी ताणून धरणाऱ्या भागाचा, त्रास होतो, तो ऐकून ओळखता येतो.

म्हणून माझी शिफारस अशी: जवळचं अधिकृत किंवा भरवशाचं वर्कशॉप दोन-अडीच तासांहून लांब असेल तर एसएलके. सावंतवाडीकडचे असाल आणि गोव्यात नेणं सहज जमत असेल, किंवा दर महिन्याला कोल्हापूरला फेरी होत असेल, तर झेड-फोरचा विचार मोकळ्या मनाने करा. पण या शिफारशीला एक मोठा अपवाद आहे. कोरड्या जागेत राहिलेली झेड-फोर ही भिजलेल्या एसएलकेपेक्षा केव्हाही बरी.

गाडी बघण्याआधी कागद बघा

विक्रेत्याकडून आरसीचा फोटो मागवा आणि परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर नंबर टाका. नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा, कर्जाचा बोजा, हे तिथेच कळतं. ई-चलनही तिथेच बघा. स्पोर्ट्स गाडीवर वेगाची चलनं साचलेली असतात आणि ती मिटल्याशिवाय हस्तांतरण अडतं.

सगळ्यात महत्त्वाचं, विम्याच्या दाव्यांचा इतिहास. गाडी आधी कुठल्या गावात होती ते विचारा आणि मग तारखा जुळवा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली, त्याच दिवसांत महाडही पाण्याखाली गेलं. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली. असल्या पुरानंतर कितीतरी गाड्या विमा कंपन्यांनी मोडीत काढल्या, आणि मोडीतल्या गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात. सर्व्हिस बुकात नेमक्या त्या महिन्यांनंतर मोठी पोकळी दिसली, किंवा एकाच वेळी सीट, गालिचे आणि तीन-चार इलेक्ट्रॉनिक युनिटं बदललेली दिसली, तर चहा पिऊन परत या.

गाडी महाराष्ट्रातलीच असेल तर फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५. विकत घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. परराज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, लागते, आणि १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो. त्यासोबत इथला रस्ता कर. या दोन्ही गाड्या पूर्ण तयार होऊन परदेशातून आलेल्या, आणि आयात गाड्यांचा कर जास्त असतो. सिंधुदुर्गातल्या मंडळींना गोव्याच्या नंबराची गाडी स्वस्त दिसते ती यामुळेच. कराचा आकडा आपल्या आरटीओतून आधी काढून घ्या, मग भाव करा. २०११-१२ च्या गाडीला १५ वर्षांनंतरची फेरनोंदणी आणि पर्यावरण कर हेही दाराशी उभे आहेत, तेही भावात धरा. जुन्या गाडीला उच्च सुरक्षेची नंबर प्लेट बसली आहे का तेही बघा.

विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या आणि इंजिन संरक्षणाचं जादा कलम जरूर घ्या. पाण्यात गाडी सुरू करून इंजिनात पाणी गेलं, तर साध्या पॉलिसीत ते सहसा बसत नाही.

गाडीसमोर उभे राहिल्यावर

सकाळी जा. विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर माणसाबद्दल एक गोष्ट कळली.

मग इंजिन नाही, गालिचा. बॅटरी घ्या, गुडघ्यावर बसा. पायाखालचे मॅट काढून गालिच्यावर तळहात दाबून धरा, थंड किंवा ओलसर लागतो का बघा. सीट पूर्ण पुढे घेऊन खालच्या रुळांचे बोल्ट बघा, त्यांवर गंज म्हणजे पाणी आत साचलेलं होतं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. पुराचा गाळ पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागात रेघ सोडून जातो आणि तिथवर पुसायला कुणाचा हात जात नाही. डिकीचा तळ उचला. झेड-फोरची बॅटरी मागे आहे, आणि पाणी साचलं तर तिथेच. आणि वास घ्या. गाडीत तीन-तीन सुगंधी डब्या टांगलेल्या असतील तर त्या काढून, काचा बंद करून, दहा मिनिटं उन्हात ठेवा, मग दार उघडून नाक आत घाला. ओल्या गोणपाटासारखा वास आला की समजायचं.

आता छत. गाडी सुरू ठेवून पाच वेळा उघडा-बंद करा. एकदा करून थांबू नका, थंड असताना आणि तेल तापल्यावर यंत्रणा वेगळी वागते. दोन्हींना साधारण २० सेकंद लागतात. हालचाल एकसंध हवी, मध्ये अडखळणं, कण्हणं, एका बाजूने मागे राहणं नको. झाल्यावर डिकीच्या कडेला आणि छताच्या सांध्यांत बोट फिरवा, तेलकट लागलं तर नळी पाझरते आहे. इथे एक गंमत: डिकीत सामान वेगळं ठेवणारा पडदा ओढून अडकवला नसेल तर छत हलतच नाही. मी एक एसएलके अशी बघितली की विकणारा "मोटर गेली असेल" म्हणून दोन लाख उतरवायला तयार होता. पडद्याची क्लिप तुटली होती, एवढंच. ती गाडी मी घेतली नाही, दुसरीच खोट होती, पण तुम्हाला असं कुणी भेटलं तर गप्प राहायचं का सांगून टाकायचं ते तुमच्यावर.

नंतर पाणी मागा. होय, बादली आणि नळी. काचेच्या खालच्या जाळीपाशी आणि छताच्या मागच्या पन्हळीत हळूहळू पाणी सोडा आणि कुणाला तरी खाली वाकून बघायला सांगा. पाणी चाकांच्या मागे, गाडीखाली, दोन्ही बाजूंना सारखं गळायला हवं. एका बाजूला नुसतेच थेंब, तर तिकडची पाण्याच्या निचऱ्याची नळी पानं-मातीने तुंबली आहे. तुंबलेली नळी साफ करणं पाच मिनिटांचं काम, पण ती किती वर्षं तुंबलेली होती हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर पुन्हा गालिच्याखाली. विक्रेता पाणी टाकू देत नसेल तर मी पुढे जात नाही. पाण्याला घाबरणारी गाडी आपल्याकडे घेऊन काय करायची?

मग गाडी रॅम्पवर. मिठाचा गंज रंगावर दिसत नाही, तो खाली असतो. ब्रेकच्या लोखंडी नळ्या, सायलेन्सरच्या पट्ट्या, मागच्या सबफ्रेमचे, म्हणजे मागची चाकं-सस्पेन्शन धरणाऱ्या सांगाड्याचे, बोल्ट, एसीच्या कंडेन्सरच्या खालच्या पाकळ्या. तांबूस भुरभुर चालेल, पापुद्रे सुटलेले नको. अ‍ॅल्युमिनियमच्या भागांवर पांढरी भुकटी दिसली तर गाडी समुद्रकाठी उघड्यावर राहिली आहे, मग आरसीवर पत्ता नागपूरचा का असेना. जुहू-वर्सोव्याच्या इमारतीखाली सात वर्षं उभी असलेली गाडी आणि रत्नागिरीत मांडवीच्या बंदराजवळ राहिलेली गाडी यांत खाली फारसा फरक नसतो. त्यामुळे माझी पसंती पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या गाडीला.

पुटीन, म्हणजे पोचे बुजवायला रंगाखाली भरलेला लगदा, शोधायला काही जण लोहचुंबक घेऊन जातात. जरूर न्या, पण दोन्ही गाड्यांचं बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं आहे, तिथे चुंबक चिकटणारच नाही. माझा एक मित्र या कारणावरून विक्रेत्याशी भांडून आला होता.

इंजिन शेवटी सुरू करा. एसएलके थंड असताना सुरू केल्यावर दोन-चार सेकंद डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड आली तर चेन टेन्शनरकडे बोट जातं. झेड-फोर सुरू व्हायला फार वेळ किर्रकिर्र करत असेल तर उच्च दाबाच्या पंपाचा संशय घ्या, आणि एक्झॉस्टकडून बारीक खणखण आली तर टर्बोच्या झडपांचा. दोन्हींना स्कॅनर लावाच. आदल्या दिवशी सगळे कोड पुसले असतील तर तेही जाणता मिस्त्री ओळखतो. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही खोल असली तरी सात-आठ वर्षांचे टायर बदलायचेच, त्याचे पैसे भावात धरा. झेड-फोर सहसा रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणाऱ्या, टायरांवर येते, स्टेपनी नाही. त्या टायरांची बाजू कडक, आणि खड्ड्यात पहिला मार रिमला बसतो. रिम काढून आतून तडे बघा.

चालवून कुठे बघायची

महामार्गावर नाही. तिथे सगळ्याच गाड्या छान वाटतात. चढावर, हळू, गर्दीत. घाटात ट्रकमागे रांगत चढताना डबल क्लचचा गिअरबॉक्स तापतो आणि झटके देऊ लागतो, ते झेड-फोरमध्ये मुद्दाम बघा. चढावर रिव्हर्समध्ये इंच-इंच सरकवून बघा. कोकणात हे रोजचं आहे: समोरून एसटी आली की मागे घ्यावं लागतं. गंमत वाटेल, पण मावसभावाबरोबर आंबा घाट चढताना साखरप्याच्या पुढे एका ट्रकने वीस मिनिटं आमची परीक्षा घेतली, आणि झेड-फोरबद्दल आम्हाला जे कळलं ते शोरूमबाहेरच्या रस्त्यावर कधीच कळलं नसतं. ती पास झाली.

स्पीडब्रेकरचं सांगतो. मानकाप्रमाणे तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा, तसा असेल तर दोन्ही गाड्या सरळ निघतात. गावागावांत लोकांनी आपापल्या मापाने घातलेले असतात. तिथे तिरकं घ्यायचं, एक चाक आधी.

फेरीबोट हा वेगळाच धडा. जयगड–तवसाळ किंवा दाभोळ–धोपावे करायचं असेल तर भरती-ओहोटी बघून निघा. पाणी खूप उतरलेलं असलं की धक्क्याच्या उतारावर बोटीची झडप टेकते तिथे कोन तीव्र होतो आणि पुढचा बंपर घासतो. मी बोटीवरच्या पोरांना आधी हात दाखवून थांबवतो, उतरून बघतो, लागलं तर झडपेपाशी फळी मागतो. ती पोरं हसतात, फळी आणून देतात. वर उडालेलं पाणी खारं असतं, त्यामुळे पलीकडे पोचल्यावर पहिल्या गोड्या पाण्याच्या नळावर गाडीखाली पाणी मारायचं. आणि पुळणीवर गाडी न्यायची नाही. ओहोटीत घट्ट दिसणारी वाळू भरतीला काय करते ते दरवर्षी कुणा ना कुणा पाहुण्याला कळतं.

पैसा

फार बोलत नाही. गाडीच्या किमतीचा पाचवा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला काढता येत नसेल तर एक पायरी स्वस्त गाडी बघा. टायर, बॅटरी, सगळी तेलं, ब्रेक आणि एक अनपेक्षित दुखणं, यात तो संपतो.

पहिला पावसाळा

मे संपायच्या आत चार कामं. पाण्याच्या निचऱ्याच्या नळ्या मोकळ्या करा, लोखंडी तार घालू नका, नळी फाटते. गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी उत्तम. दारांच्या आणि छताच्या सगळ्या रबरांना सिलिकॉन ग्रीस लावा, नाहीतर चार महिने बंद राहून रबर चिकटतं आणि ऑक्टोबरात पहिल्यांदा छत उघडताना फाटतं. बॅटरीला ट्रिकल चार्जर, म्हणजे तिला हळूहळू भरत ठेवणारा चार्जर, जोडा. या दोन्ही गाड्यांच्या काचांना चौकट नाही, दार उघडताना काच बोटभर खाली येते. बॅटरी मेली की ती येत नाही आणि ओढाताणीत रबर जातं. आपल्याकडे वादळी पावसात दोन-दोन दिवस वीज नसते, तेव्हा वीज आल्यावर चार्जर सुरू आहे ना ते पाहायचं.

चौथं काम टाकी भरून ठेवणं. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि अर्धी रिकामी टाकी म्हणजे अर्धी दमट हवा. या गाड्या १० टक्क्यांच्या मिश्रणाच्या जमान्यातल्या. महिनोन्‌महिने तेच पेट्रोल टाकीत ठेवू नका. पंधरा दिवसांतून एकदा, उघडीप बघून, अर्धा तास चालवाच. इंजिन गरम होऊन सायलेन्सरमधलं पाणी उडायला हवं, जागेवर पाच मिनिटं घरघरवून उलट नुकसान होतं.

उंदरांसाठी कापूर, तंबाखू, नाना उपाय लोक सांगतात. माझ्याकडे एकच चालला, शेडच्या खालच्या बाजूला बारीक लोखंडी जाळी. आणि गाडीत खाऊ ठेवायचा नाही, खाजाची एक पुडी पुरेशी होते. आतमध्ये ओल शोषणारे डबे ठेवा, भरले की बदला. प्लास्टिकचं कव्हर घालू नका, खाली घाम धरतो. कापडी, श्वास घेणारं घ्या.

मावसभावाने शेवटी झेड-फोर घेतली. मी सांगितलेलं सगळं ऐकून, आणि माझ्याच नियमाने. पुण्याची होती, एका डॉक्टरांच्या बंद गॅरेजमध्ये राहिलेली, गालिच्याखालचा फोम खडखडीत कोरडा, नळ्यांतून पाणी दोन्हीकडे सारखं. आम्ही बघितलेल्या दोन्ही एसएलके मुंबईच्या होत्या आणि खालून पापुद्रे सुटलेल्या. पाण्याचा पंप मात्र त्याने गाडी घरी आणण्याआधी पुण्यातच बदलून घेतला, जुना चालू असताना. मावशीने ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि लिंबू चिरडताना पुढचा बंपर अंगणाच्या उंबऱ्याला घासला. फळी लावून बघायला तो विसरला होता.